कोंबडं आरवेपर्यंत

(दुपार. शाळेची पडवी. एका फोनभोवती पाच मुलं.)

ही हसणारी मुलं आधी नीट बघून घ्या. रात्री पुन्हा भेटणार आहेत.

फोनवर चाललाय तो 'नॉस्फेरातू', १९२२ सालचा जर्मन मूकपट. दिग्दर्शक एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ. टकलं डोकं, उंदरासारखे पुढचे दोन दात, वटवाघळाचे कान आणि हातभर नखं असलेला हा काउंट ऑरलॉक, रक्तपिपासू. त्याला बघून तालुक्याच्या कॉलेजात शिकणारी ही मुलगी म्हणते, "ह्येका बघून माका हसाक येता."

तिचं काही चुकत नाही. दुपारचे साडेबारा वाजलेत, कौलांच्या फटींतून उन्हाचे कवडसे पडलेत, मागे पोषण आहाराची भांडी घासली जातायत, आणि शंभर वर्षांपूर्वीचं भूत काडेपेटीएवढ्या खिडकीत उभं आहे. अशानं कोण घाबरेल?

जुने भयपट आता कोणाला भिववत नाहीत, असं सर्रास म्हटलं जातं. आम्हाला ते पटत नाही. ते ज्या अंधारासाठी केले होते, तो अंधारच आपण त्यांना देत नाही. म्हणून मालवण आणि वेंगुर्ल्याच्या मधल्या या किनाऱ्यावरच्या गावात हाच चित्रपट, याच मुलांना, अख्ख्या गावासोबत रात्री दाखवायचं ठरलं.

(काकांचे हात. प्रोजेक्टर.)

हे हात काकांचे. तरुणपणी प्रचाराच्या गाडीबरोबर ते गावोगाव हिंडले. कुटुंबनियोजन, देवीची लस, भातशेती, असे माहितीपट दाखवत. हा १६ मिलिमीटरचा प्रोजेक्टर त्यांच्या माळ्यावर पडून होता. पट्टे सुकून तडकले होते, लेन्सवर बुरशी. दोन महिने ते रोज संध्याकाळी याच्यापुढे बसत होते.

फिल्म कशी चढवतात ते बघा, आता हे बघायला मिळत नाही. वरच्या रिळातून फिल्म खाली येते, दातेरी चाकावर बसते. मग गेटच्या वर एक सैल वळण सोडायचं. काका त्याला "श्वास" म्हणतात. गेटमध्ये फिल्म झटक्याझटक्यानं सरकते, प्रत्येक चौकट क्षणभर थांबते, तिच्यातून उजेड जातो, की पुढची. रीळ मात्र एकसारखं फिरत असतं. धक्के आणि फिरणं या दोघांची सांगड ते सैल वळण घालतं. वळण लहान पडलं तर चित्र थरथरतं, फिल्म ताणून फाटते, मोठं झालं तर ती घासते. काका बोटानं मोजतात. दोन पेरं.

मूकपटांच्या काळात कॅमेऱ्याची मूठ हातानं फिरवत. सेकंदाला साधारण १६ ते २० चौकटी. बोलपट आले आणि वेग २४ वर ठरला. जुना मूकपट २४ च्या वेगानं लावला की माणसं तुरुतुरु पळतात, भूतसुद्धा. दुपारी मुलं हसली त्याचं अर्धं कारण इथे आहे, फोनवरची प्रत तशीच होती. काकांच्या यंत्राला १८ चा खटका आहे. बघा, तोच प्रसंग. हा २४ वर. आणि हा १८ वर.

(दोन्ही वेग सलग. निवेदन नाही.)

प्रत पुण्याच्या एका संग्राहकानं दिली. सहा रिळं. तिसऱ्या रिळाच्या डब्याचं झाकण उघडलं आणि काकांनी मान मागे घेतली. शिरक्याचा वास. ॲसिटेटची फिल्म दमट हवेत कुजू लागली की ॲसेटिक आम्ल सुटतं, फिल्म आक्रसते, कडेची भोकं चाकाच्या दातांवर बसेनाशी होतात. एकदा सुरू झालं की थांबत नाही. हे रीळ फार तर आणखी दोन-तीनदा चालेल.

(पटांगण. पडदा शिवणं.)

पडदा मांजरपाटाचा, तीन पन्ने जोडून शिवलेला. खालच्या दुमडीत वाळू भरली, कारण खारा वारा पडद्याचं शीड करून टाकतो. दिवेलागणीनंतर हा वारा पडतो. जमिनीकडचा मतलई वारा सुटेपर्यंत मधे एक वेळ अशी येते, की माडाची झावळीही हलत नाही. त्या वेळेला पहिलं रीळ लावायचं असं ठरलं.

तिथीवरून मात्र बैठक झाली. आम्हाला अमावास्या हवी होती. गावानं साफ नाही म्हटलं. अखेर माघातली बीज ठरली. बिजेची कोर तास-दीड तासात समुद्रात उतरते, पुढची रात्र काळोखी. आणि खेळाआधी गाऱ्हाणं घालायचं, म्हणजे देवाला सगळ्यांनी मिळून साकडं घालायचं, हेही ठरलं. हे आमच्या कॅमेऱ्यात आलं याचा फार आनंद आहे.

(गाऱ्हाणं. मूळ आवाज.)

"...बा देवा म्हाराजा, ह्या पोरांनी इलायती भुताचो खेळ लावल्यानी हा, तो पडद्यारच ऱ्हवांदे रे म्हाराजा!"

"होय म्हाराजा!"

बघा, "होय म्हाराजा" म्हणणाऱ्यांत ती दुपारची मुलगीही आहे.

(दशावताराची मंडळी. पायपेटी जुळवताना.)

'नॉस्फेरातू'साठी हान्स एर्डमान यांनी संगीत रचलं होतं. त्यातलं बरंचसं हरवलं. म्हणजे जागा मोकळीच होती. दशावतारी कंपनीतले हे बुवा पायपेटीवर, सोबत पखवाज आणि झांज. ही माणसं आयुष्यभर रात्रीची जत्रेत राक्षस रंगमंचावर आणतात. बुवांनी चित्रपट एकदाच बघितला आणि विचारलं, "हो राक्षस युद्ध करता काय?" नाही म्हटल्यावर म्हणाले, मग झांज शेवटपर्यंत लावायची नाही. किती अचूक. दशावतारात संकासूर येतो तेव्हा त्या काळ्या वेशाच्या आत कोण आहे हे पोरांना ठाऊक असतं. दिवसा त्याच्याच रिक्षातून ती शाळेत जातात. तरी तो जवळ आला की आईच्या पदरात शिरतात. खोटं आहे हे कळलं म्हणून भीती जात नाही, हे दशावतारी माणसाला वेगळं सांगावं लागत नाही.

(रात्र. रोवळीत फोन टाकणारे हात.)

तांदूळ धुवायची ही रोवळी. फोन बंद करून हिच्यात टाकायचे, तरच पटांगणात प्रवेश. ग्रामपंचायतीनं खांबावरचे दिवे घालवले. समुद्राचा आवाज एकदम जवळ आल्यासारखा वाटतो तो यानंतरच.

(प्रोजेक्टरची घरघर. पहिली चौकट.)

थोडं चित्रपटाविषयी. ब्रॅम स्टोकरची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी १८९७ ची. मुर्नाऊच्या निर्मात्यांनी परवानगी न घेता तिच्यावरून चित्रपट केला, फक्त नावं बदलली. ४ मार्च १९२२ ला बर्लिनमध्ये पहिला खेळ झाला. स्टोकरची विधवा फ्लॉरेन्स कोर्टात गेली, आणि १९२५ साली सगळ्या प्रती नष्ट करण्याचा हुकूम झाला. परदेशी गेलेल्या प्रती तेवढ्या वाचल्या. ऑरलॉक झालेल्या नटाचं आडनाव श्रेक. जर्मनमध्ये या शब्दाचा अर्थच धसका.

चित्रीकरण खऱ्या जागांवर झालं. खरा किल्ला, खरी बंदरं. आणि सावल्या. ही प्रकाशाची जर्मन रीत पुढे आपल्याकडेही आली. म्युनिकचे योझेफ विर्शिंग बॉम्बे टॉकीजचे कॅमेरामन झाले, आणि १९४९ चा 'महल' त्यांनीच टिपला. मालाडच्या स्टुडिओत. आपल्या आजोबांच्या पिढीतले कितीतरी चाकरमानी मुंबईच्या थिएटरात त्याच सावल्यांना घाबरून चाळीत परतले असतील.

(प्रेक्षकांचे चेहरे. पहिलं रीळ.)

पहिल्या रिळाला लोक हसले, ते लपवत नाही. नायकाचा भाबडेपणा, मोठमोठे हातवारे, सगळ्याला हसू. पुढे ऑरलॉक स्वतःची शवपेटी काखोटीला मारून गावातून धावतो, तिथेही हसले. काही गोष्टी जुन्या झाल्या, त्या झाल्याच.

पण रीळ बदलताना काका दिवा लावत नाहीत. दीड-दोन मिनिटं मिट्ट काळोख. दुसऱ्या रिळानंतर पोरं आपणहून सरकून एकमेकांना चिकटलेली दिसतील. कॅमेऱ्याला जेमतेम दिसतायत.

(चौथं रीळ. गलबत.)

आम्हाला वाटलं होतं, किल्ल्यात लोक घाबरतील. किल्ला कोकणाला नवा नाही, सिंधुदुर्गचा तट इथून होडीच्या अंतरावर आहे. पटांगण गप्प झालं ते इथे. ऑरलॉक मातीनं भरलेल्या पेट्यांतून, उंदीर बरोबर घेऊन, समुद्रमार्गे निघतो. एकेक खलाशी मरतो. कप्तान स्वतःला सुकाणूच्या चक्राला बांधून घेतो. आणि मग शीड फुगलेलं ते जहाज कोणी न चालवता, हळूहळू, शांत बंदरात शिरतं.

पुढच्या चटईवर बसलेल्या या आजी. नवरा, दोन मुलं, सगळे रापणीवर, मासेमारीला गेलेले. ऐका.

(मूळ आवाज: "गलबतार कोण नाय मगे?")

कोणी उत्तर दिलं नाही. बुवांचा हात पेटीवरच थांबला. जवळजवळ अर्धा मिनिट फक्त प्रोजेक्टर आणि समुद्र.

जहाजातून प्लेग उतरतो. दारांवर खडूच्या फुल्या, अरुंद गल्लीतून शवपेट्यांची रांग. १८९६ साली मुंबईत प्लेग आला तेव्हा हजारो माणसं शहर सोडून गावाकडे निघाली, त्यांतली कितीतरी याच किनाऱ्यावरची. गिरण्यांत राबणाऱ्यांत बरीच माणसं रत्नागिरी जिल्ह्याची होती, आणि आजचा सिंधुदुर्ग तेव्हा त्याच जिल्ह्यात होता. आणि २०२० च्या मे महिन्यात मुंबईहून आलेले चाकरमानी चौदा दिवस याच शाळेच्या वर्गांत राहिले, घरच्यांनी डबे गेटवर ठेवले. पडद्यामागे दिसतायत त्याच त्या खिडक्या.

(फुल्यांचं दृश्य. पडद्यामागे शाळेच्या खिडक्या. निवेदन नाही.)

शेवटचं रीळ. जिन्यावरून ऑरलॉक चढत नाही, त्याची सावली चढते. वाकलेली पाठ, मग हात, मग नखं लांब होत दाराच्या कडीपाशी. मांजरपाट आता वाऱ्यानं किंचित हलतोय, मतलई सुटलाय, त्यामुळे सावली श्वास घेतल्यासारखी दिसते. हे मुर्नाऊनं केलेलं नाही. हे आपल्या किनाऱ्यानं केलं.

(मागून बाईचा आवाज: "अगो बाये, दार लाव!")

रक्तपिपासू उन्हानं नाहीसा होतो ही कल्पना या चित्रपटानं रूढ केली, मूळ कादंबरीत ड्रॅक्युला दिवसाही फिरतो. इथे नायिका त्याला रात्रभर रोखून धरते, कोंबडं आरवतं, पहिला किरण खिडकीतून येतो. आणि बुवांनी राखून ठेवलेली झांज तेव्हा वाजते. कोंबडं आरवलं की भूत जातं, हे आमच्या पटांगणात कोणाला समजावावं लागलं नाही. सगळ्यांनी एकदमच श्वास सोडला, ध्वनिमुद्रणात स्पष्ट ऐकू येतो.

(पटांगण रिकामं होतंय.)

दुपारच्या त्या मुलीला आम्ही विचारलं, भीती वाटली का? ती म्हणाली, भुताची नाही वाटली, त्या सावलीची वाटली. मग वहाळाच्या साकवापर्यंत, त्या छोट्या पुलापर्यंत, कोण येतंय ते विचारायला निघून गेली. पाचही जण एकत्र गेले, साकवाच्या अलीकडे राहणारे दोघेसुद्धा.

खांबावरचे दिवे परत लागले. काका सहावं रीळ उलटं गुंडाळतायत, यंत्रावर नाही, हातानं. आक्रसलेल्या फिल्मला यंत्राची ओढ सोसत नाही. तिसऱ्या रिळाचा डबा त्यांनी वेगळा, झाकण किलकिलं ठेवून, खळ्यात वाऱ्याला ठेवलाय.