करारातील न बोललेल्या अटी

श्रोतेहो, नमस्कार.

इंदूरच्या कापड बाजारात, सियागंजात किंवा छावणीच्या धान्य मंडीत रोज जे सौदे होतात, त्यांपैकी फार थोडे कागदावर सविस्तर उतरतात. फोनवर भाव ठरतो, नमुना पाहिला जातो, "पाठवून द्या" एवढेच म्हटले जाते आणि लाखांचा माल वाटेला लागतो. पैसे किती दिवसांत द्यायचे, डागी थान निघाले तर ते कोणी परत घ्यायचे, वाहतुकीचे भाडे कोणी सोसायचे, यांतले काहीच त्या क्षणी कोणी बोलत नाही, कारण दोघांनाही ते ठाऊक असते, किंवा निदान प्रत्येकाला तसे वाटत असते. पुढे भांडण होते तेव्हा असे दिसते की दोघांच्या मनातले एकच नव्हते. कायदा या न बोललेल्या भागाकडे कसा पाहतो आणि आपण त्याच्यावर किती भिस्त ठेवावी, याविषयी आज मला बोलायचे आहे.

"लिहिलेले नाही, म्हणजे करारच नाही" हा समज आपल्याकडे सुशिक्षितांमध्येही घट्ट बसलेला आहे आणि तो चुकीचा आहे. 1 सप्टेंबर 1872 रोजी अमलात आलेला आपला करार कायदा अजूनही लागू आहे, आणि त्याचे नववे कलम सांगते की जे वचन शब्दांनी दिले जाते ते व्यक्त वचन आणि जे शब्दांवाचून दिले जाते ते गर्भित वचन. सिटी बसमध्ये चढणारा प्रवासी वाहकाशी कोणतीही बोलणी करत नाही, तरी भाडे देण्याचे वचन त्याने चढण्यातूनच दिलेले असते. काही व्यवहारांना लेख आणि नोंदणी कायद्यानेच सक्तीची केली आहे, परंतु तो अपवाद आहे. तोंडी करार हाही पूर्ण करार असतो.

मग ज्या मुद्द्यावर दोन्ही पक्ष गप्प राहिले, तेथे काय होते? पुष्कळ ठिकाणी ती जागा कायद्याने आधीच भरून ठेवलेली आहे. 1930 च्या मालविक्री कायद्यानुसार विकणाऱ्याला तो माल विकण्याचा हक्क आहे, ही अट कोणी न बोलताही प्रत्येक विक्रीत असते. शाळेच्या गणवेशासाठी कापड हवे आहे असे सांगून, दुकानदाराच्या जाणकारीवर विसंबून कोणी शंभर मीटर कापड घेतले आणि पहिल्याच धुण्यात त्याचा रंग उतरला, तर "रंगाची हमी मी दिलीच नव्हती" हे उत्तर सहसा चालत नाही. हेतू सांगितला, विश्वास ठेवला आणि विकणाऱ्याचा तो नित्याचा व्यापार असला, की त्या हेतूला माल उपयोगी पडेल ही अट आपोआप येते. याची दुसरी बाजूही ऐकून ठेवावी. ग्राहकाने माल तपासून घेतला असेल, तर त्या तपासणीत सहज दिसायला हवा होता असा दोष दाखवून त्याला नंतर कमी प्रतीची तक्रार करता येत नाही.

नमुन्यावर होणाऱ्या विक्रीचा नियम आपल्या कापड बाजाराला तर विशेष जवळचा आहे. सगळा माल नमुन्याबरहुकूम असला पाहिजे, हे कोणीही सांगेल. पण तेवढे पुरत नाही. नमुना साधारणपणे तपासताना ध्यानात येणार नाही असा दोषही मालात असता कामा नये. 1887 साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये कोटाच्या लोकरी कापडाचा एक वाद निकाली निघाला. माल नमुन्यासारखाच होता, परंतु दोघांच्याही विणीत असा छुपा दोष होता की त्या कापडाचे शिवलेले कपडे टिकत नसत. नमुना डोळ्यांना जेवढे सांगू शकतो तेवढेच तो सांगतो, त्याच्या पोटातल्या दोषाला खरेदीदाराने संमती दिली असे धरता येणार नाही, असे न्यायाधीशांनी ठरवले. मला हा निकाल अतिशय न्याय्य वाटतो, कारण बोटांच्या चिमटीत कापड धरून पाहणाऱ्या व्यापाऱ्याचा विश्वास नेमका कशावर असतो, हे त्या न्यायाधीशांनी ओळखले होते. विकणाऱ्याला अशा गर्भित अटी स्पष्ट कराराने वगळता येतात, हेही खरे. मात्र घरगुती ग्राहकाच्या बाबतीत "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" या पाटीचा आधार आता फारसा उरलेला नाही. बिलावर मुदत दिली नसेल तर सदोष माल 30 दिवसांच्या आत परत घेण्यास नकार देणे ही 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याने अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे.

मुदतीचेही तसेच. काम कधी पुरे करायचे हे ठरले नसेल, तर वाजवी वेळेत करायचे, असे करार कायद्याचे 46 वे कलम म्हणते, आणि वाजवी म्हणजे किती हे ज्या त्या प्रसंगावरून ठरते. सुताराला कपाटासाठी महिना लागला तर ते वाजवी ठरू शकेल, पण लग्नाचा मांडव मुहूर्त टळून गेल्यावर उभारला तर त्याचा काय उपयोग? तारीख दोघांना माहीत असली की वेळ हाच त्या कराराचा गाभा आहे, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता खरा अवघड भाग येतो. कायद्यानेही जागा भरलेली नाही आणि पक्षकारही बोलले नाहीत, अशा ठिकाणी न्यायालय स्वतःहून एखादी अट करारात वाचते का? वाचते, पण हात फार आखडून. याचा पाया 1889 च्या 'मूरकॉक' नावाच्या जहाजाच्या खटल्यात घातला गेला. थेम्स नदीवरच्या एका धक्क्याला ते जहाज माल उतरवण्यासाठी लागायचे होते. ओहोटीत ते तळाला टेकणार, हे दोन्ही पक्षांना ठाऊक होते. ते टेकले, आणि तळाशी असलेल्या कठीण उंचवट्यामुळे त्याची मोडतोड झाली. नदीचा तळ धक्केवाल्यांच्या मालकीचा नव्हता आणि त्याविषयी करारात अक्षरही नव्हते. तरीही तळ सुरक्षित आहे की नाही याची वाजवी चौकशी त्यांनी केलेली असली पाहिजे, किंवा तशी ती केलेली नसल्यास जहाजवाल्यांना बजावले पाहिजे, ही अट न्यायालयाने करारात वाचली, कारण तिच्यावाचून तो व्यवहार व्यवहार म्हणून उभाच राहत नव्हता.

पुढे 1939 मध्ये इंग्लंडमधलेच न्यायाधीश लॉर्ड जस्टिस मॅकिनन यांनी आणखी एक कसोटी सांगितली. दोघे सौदा करीत असताना बाजूला उभ्या असलेल्या एखाद्या आगाऊ माणसाने "ही अटही घाला की" असे सुचवले असते, तर दोघांनीही एका सुरात "अहो, ते काय सांगायला हवे!" असे म्हणून त्याला गप्प केले असते का? तसे असेल तरच ती अट करारात आहे असे समजायचे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये नाभा पॉवर आणि पंजाब राज्य वीज निगम यांच्या खटल्यात या सगळ्या कसोट्या एकत्र मांडल्या. अट वाजवी आणि न्याय्य हवी, व्यवहार चालण्यासाठी गरजेची हवी, सांगावीही लागू नये इतकी उघड हवी, स्पष्ट शब्दांत मांडता येण्याजोगी हवी आणि करारातल्या लिहिलेल्या कोणत्याही अटीच्या विरोधात जाणारी नको.

यातला "दोघांनीही" हा शब्द मी श्रोत्यांना जपून ठेवायला सांगेन. एका पक्षाची मनापासूनची अपेक्षा, ती कितीही रास्त असली, तरी अट होत नाही. दुसऱ्यानेही ती तितक्याच सहजपणे मान्य केली असती असे दिसावे लागते. ती अट असती तर करार अधिक चांगला झाला असता, एवढ्यावर न्यायालय ती घालत नाही.

हे आपल्या घराच्या उंबरठ्यावरही घडते. भंवरकुआं भागात शिकवणीसाठी येणाऱ्या मुलामुलींना खोल्या देणारी कितीतरी कुटुंबे इंदुरात आहेत, आणि रामबाग, मल्हारगंजातली आपली मराठी घरेही त्यांत आहेत. घरमालकीण काकूंना वाटते की रात्री दहानंतर मित्र येणार नाहीत आणि खोलीत मांसाहार शिजणार नाही, हे उघडच आहे. मुलाला वाटते की भाडे भरले म्हणजे खोली त्याची. दोघेही प्रामाणिक आहेत, आणि कायदा येथे काकूंच्या मदतीला सहजी येणार नाही, कारण त्यांची अपेक्षा मुलापर्यंत कधी पोहोचलीच नाही. त्याच वेळी खोली सोडताना रंगरंगोटीच्या नावाने अनामत रक्कम कापून घेणेही तितके सोपे नाही. 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे, वेगळे ठरले नसेल आणि स्थानिक रूढी निराळी नसेल तर, भाडेकरूने जागा मिळाली तशी परत करायची असते, पण नेहमीच्या वापराने होणारी झीज त्यातून वगळलेली आहे. भिंतीचा फिकटलेला रंग त्या झिजेतच धरावा लागतो.

बाजारातल्या रूढीविषयीही थोडे सांगितले पाहिजे. करार कायद्याने पहिल्याच कलमात व्यापारी रूढींना हात न लावण्याचे वचन दिले आहे, आणि लेखी करारालाही रूढीने जोडली जाणारी बाब पुराव्याने सिद्ध करता येते; 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही सोय कायम आहे. रूढी किती दूर जाऊ शकते याचा 1832 चा इंग्लंडमधला दाखला नमुनेदार आहे. तेथे सशांच्या बाबतीत "हजार" म्हणजे 1200, असे त्या मुलखाच्या रूढीवरून सिद्ध करू दिले गेले. मात्र रूढी निश्चित, वाजवी आणि सर्वांना ठाऊक असावी लागते, आणि कायद्यापुढे तिचे काही चालत नाही. मध्य प्रदेशच्या 1972 च्या मंडी अधिनियमाने आवारात घेतलेल्या मालाची किंमत त्याच दिवशी द्यायला सांगितले आहे. तेव्हा "आमच्याकडे आठ दिवसांनी देण्याची पद्धत आहे" हे सोयाबीन घेऊन आलेल्या शेतकऱ्याने ऐकून घेण्याचे कारण नाही.

सर्वांत जास्त दुखावणारे वाद मी नात्यांमधले पाहतो. मावसभावाने दुकानाचे फर्निचर करून दिले, भाचीने कारखान्याचे हिशेब लिहिले, आणि मोबदल्याचे विचारले तेव्हा "घरचेच तर काम आहे, नंतर बघू" असे उत्तर मिळाले. इंग्लंडमधल्या 1919 च्या बाल्फोर खटल्यापासून पतिपत्नींमधल्या घरगुती ठरावांना न्यायालये सहसा करार मानत नाहीत. पण नातेवाईक असल्यामुळे धंद्याचे काम घरगुती होत नाही. आपल्याकडे लिहून मागणे हा अविश्वास समजला जातो आणि तो संकोच नेहमी काम करणाऱ्यालाच महाग पडतो, म्हणून मी तो सोडा असे आग्रहाने सांगतो. त्यासाठी मुद्रांकाचा कागद लागतोच असे नाही. "अमुक काम, एवढे पैसे, या तारखेपर्यंत" असा संदेश मोबाइलवर पाठवावा आणि समोरच्याचे "हो" आले की तो जपून ठेवावा. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 10-अ कलमानुसार करार इलेक्ट्रॉनिक स्वरूपात झाला, एवढ्याच कारणाने तो निष्फळ ठरत नाही.

आणि ज्यांच्याकडे असा संदेशही नाही, त्यांच्यासाठी करार कायद्याचे 70 वे कलम आहे. कोणी दुसऱ्यासाठी कायदेशीरपणे काही काम केले, ते फुकट करण्याचा त्याचा हेतू नव्हता, आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर लाभ घेणाऱ्याने भरपाई दिली पाहिजे, असे ते सांगते. बंगालमधल्या आरामबाग येथे मंडल अँड सन्स या ठेकेदारांनी नागरी पुरवठा खात्यासाठी साठवणुकीची कोठारे बांधली होती, पण सरकारी करारासाठी लागणारा विधिवत लेख झालेला नव्हता. 1962 च्या नोंदींत असलेल्या त्या निकालात न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी हे कलम उलगडून दाखवले आणि सरकारला पैसे द्यावे लागले. ही भरपाई करारातून येत नाही, घेतलेल्या लाभातून येते, म्हणूनच नको असलेले काम कोणावर लादून पैसे मागता येत नाहीत. स्वीकारण्याचा किंवा परत करण्याचा मार्ग त्या माणसाला मोकळा असावा लागतो. ज्याने कोठारे वापरली, फर्निचरवर दुकान मांडले किंवा भाचीने लिहिलेले हिशेब करखात्यात दाखल केले, त्याने तो मार्ग स्वतःच बंद केलेला असतो.

नमस्कार.