कॉमिकचं मूळ पान वाचायचं कसं

छापलेलं अमेरिकन कॉमिक साधारण साडेसहा बाय सव्वादहा इंचांचं असतं. त्याचं मूळ पान, म्हणजे छपाईसाठी चित्रकाराने हाताने काढलेलं पान, मात्र ११ बाय १७ इंची, दोन पदरी ब्रिस्टल बोर्डाचं (चित्रकलेचा जाड, कडक कागद). त्यात प्रत्यक्ष चित्राची जागा साधारण १० बाय १५. १९६७-६८ च्या आधी तर याहून बराच मोठा कागद वापरात होता. छापताना चित्र आकसतं, रेषा घट्ट होते आणि पांढऱ्या रंगाने झाकलेल्या चुका, समासातल्या सूचना, ब्रशचे फराटे हे सगळं नाहीसं होतं. मूळ पानावर ते सगळं उघडं असतं. हे पान प्रेससाठी तयार झालेलं आहे, भिंतीसाठी नाही. त्यामुळे त्यावरची प्रत्येक खूण काहीतरी सांगते, आणि त्या खुणा वाचता आल्याशिवाय पैसे काढू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरुवात आवडत्या चित्रकारांपासून करू. माइक मिग्नोलाचा ‘हेलबॉय’ १९९४ मध्ये स्वतंत्र मालिका म्हणून आला. मिग्नोला आधी काळं ठरवतो आणि उरलेल्या पांढऱ्यातून आकार आपोआप उभा राहतो. अर्धा चेहरा सावलीत गेलेला असतो, तरी डोळा कुठे आहे याबद्दल शंका येत नाही. अर्जेंटिनाचा एदुआर्दो रिस्सो याच वाटेवरचा. लेखक ब्रायन अझारेल्लोबरोबर १९९९ ते २००९ मध्ये केलेल्या ‘हंड्रेड बुलेट्स’च्या शंभर अंकांत त्याने नुसत्या छायाकृतींवर प्रसंग तोलून धरलेत. अशा चित्रकारांची मूळ पानं रंगाविनाही पूर्ण वाटतात, कारण रंगकाराने नंतर भरायचं असं काही त्यात उरलेलंच नसतं. नव्या संग्राहकाने शक्यतो इथूनच सुरुवात करावी.

दुसरा प्रकार स्टॅन साकाईचा. ‘उसागी योजिम्बो’ १९८४ पासून सुरू आहे. त्यात कथा, पेन्सिल, शाई आणि संवादांची अक्षरंही त्याचीच. पान हातात घेतलं की वाचता येतं. ही गोष्ट आता दुर्मीळ झाली आहे. १९९० च्या दशकात लेटरिंग, म्हणजे ही अक्षरं लिहिण्याचं काम, कॉम्प्युटरवर गेलं, आणि त्यानंतरच्या बहुतेक मूळ पानांवर संवादांचे फुगे नाहीत, शब्द नाहीत. छापील पानात फुगा होता तिथे चित्रकाराने रिकामी जागा सोडलेली दिसते. पुष्कळांना पान अर्धवट आहे असं वाटतं. पण ते अर्धवट नसतं, आता मूळ पान असंच असतं. फियोना स्टेपल्सने ‘सागा’ २०१२ पासून थेट डिजिटल काढलं. तिथे आतल्या पानांचं कागदी मूळच अस्तित्वात नाही. आवड कितीही असली तरी विकत घेण्यासारखं काही नाही, हे आधी तपासावं.

आता सगळ्यात जास्त गोंधळ जिथे होतो तिथे येऊ. पूर्वी पेन्सिलर (पेन्सिलीने चित्र काढणारा) आणि इंकर (त्यावर शाई करणारा) एकाच बोर्डावर काम करायचे. पेन्सिलीच्या रेषांवर शाई फिरायची, वाळल्यावर पेन्सिल खोडली जायची. आज पेन्सिलर आपलं पान स्कॅन करून पाठवतो. इंकर ते फिक्या निळ्यात नव्या बोर्डावर छापून घेतो (हीच ब्लूलाइन) आणि त्यावर शाई चालवतो. पुन्हा स्कॅन करताना निळा रंग गाळून टाकता येतो. म्हणजे एकाच छापील पानाची दोन मुळं झाली: एक नुसतं पेन्सिलीचं, एक नुसतं शाईचं. शाईच्या पानावर पेन्सिलरचा हात कधी टेकलेलाच नसतो. तरी विक्रीच्या वर्णनात दोघांची नावं शेजारी शेजारी छापलेली दिसतात, आणि ‘ब्लूलाइनवर शाई’ हे शब्द बारीक अक्षरांत तळाशी. किमतीत मोठा फरक पडतो, म्हणून हा प्रश्न लेखी विचारावा.

ओळखायचं कसं? दहा पटींचं भिंग आणि एक छोटी टॉर्च पुरते. निळ्या रेषेवर भिंग धरा. इंकजेटची असेल तर बारीक ठिपके दिसतील. निळ्या पेन्सिलीची असेल तर कागदाच्या दाण्यांवर अडकलेली भुकटी दिसेल. मग टॉर्च कागदाला जवळजवळ समांतर, आडवी धरा. खऱ्या पेन्सिलीने बोर्डात किंचित चर पडलेली असते, आणि खोडून उरलेलं ग्राफाइट राखाडी चमकतं. याच उजेडात पांढरा रंग उंचवट्यासारखा दिसतो. काळ्या भागात ब्रश किंवा मार्कर दोनदा फिरला आहे तिथे काळं जास्त दाट असतं. सगळीकडे एकसारखं निर्जीव काळं दिसलं तर प्रिंट असल्याची शंका घ्यावी. एक सावधगिरी मात्र हवी: स्वतःचं कच्चं चित्र स्वतःच निळ्यात छापून त्यावर शाई करणारे चित्रकार पुष्कळ आहेत. तिथे ब्लूलाइन हा दोष नाही.

नंतर छापील अंक शेजारी ठेवा आणि एकेक रेषा जुळवा. केसांची टोकं, कपड्यांच्या चुण्या, गर्दीतले चेहरे ही जागा बघायची. लाइटबॉक्सवर (खालून उजेड देणाऱ्या काचेच्या पेटीवर) गिरवलेली रेषा सावकाश, सारख्या जाडीची आणि जरा अडखळणारी असते. मूळ रेषा वेगात सुटते आणि टोकाला निमुळती होते. याच कारणासाठी पहिली खरेदी छापून आलेल्या पानाचीच असावी. सुटी ‘प्राथमिक रेखाटनं’ बनावट करायला सगळ्यात सोपी, कारण जुळवून बघायला समोर काहीच नसतं.

किमतीबद्दल थोडक्यात. मुखपृष्ठ सगळ्यात महाग, मग पूर्ण पानाचं एकच चित्र, मग नायक पोशाखात असलेली पानं, आणि शेवटी नुसते बोलणारे चेहरे. जानेवारी २०२२ मध्ये माइक झेकने काढलेलं ‘सीक्रेट वॉर्स’च्या आठव्या अंकातलं २५ वं पान ३३ लाख ६० हजार डॉलरला गेलं, कारण स्पायडरमॅनचा काळा पोशाख त्या पानावर येतो. ती किंमत प्रसंगाची होती. रेषेसाठी घेणाऱ्याने बोलणाऱ्या चेहऱ्यांची पानं जरूर बघावीत. चांगल्या चित्रकाराचं अभिनयावरचं प्रभुत्व तिथेच कळतं आणि ती परवडतातही. लिलावात बोलीवर २० टक्के किंवा अधिक बायर्स प्रीमियम (खरेदीदाराने लिलावगृहाला द्यायची जादा रक्कम) चढतो, त्यावर कुरिअर आणि भारतातले कर. इनव्हॉइसवर ‘हाताने काढलेलं मूळ रेखाचित्र’ असं लिहून घ्यावं आणि कस्टम्सच्या वर्गवारीतलं ९७०१ हे शीर्षक नमूद करायला सांगावं, नाहीतर पोस्टर समजून पार्सल अडकतं. पान सपाटच मागवावं, दोन कडक पुठ्ठ्यांमध्ये. नळीत गुंडाळलं की बोर्डाला मोड येते आणि पांढऱ्या रंगाच्या खपल्या उडतात.

आपल्याकडे राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम यांनी अमर चित्रकथेसाठी केलेलं काम याच जातीचं आहे. त्या पानांचा बाजार बसलेला नाही, म्हणून अशी पानं कुणाच्या घरात असतील तर रद्दीबरोबर जाण्याचा धोका जास्त. ती शोधून नीट ठेवणं, हे मला परदेशी लिलावात बोली लावण्याइतकंच मोलाचं वाटतं.

राहिली जपणूक. मुंबई, कोकण, गोव्यात पावसाळा हा खरा शत्रू. आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरते. ४५ ते ५५ टक्के ठेवायची. पान पॉलिएस्टर किंवा पॉलिप्रॉपिलिनच्या पाकिटात, मागे आम्लरहित पुठ्ठा. पीव्हीसीची पाकिटं शाईला चिकटतात. लॅमिनेशन कधीच नाही. फ्रेम करायची तर काच चित्राला टेकू देऊ नका, मधे माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) हवा. काच यूव्ही अडवणारी, आणि भिंत बाहेरच्या बाजूची नको. मार्करने रंगवलेली कमिशन्स (ग्राहकाच्या मागणीवरून काढलेली चित्रं) उजेडात सगळ्यात लवकर उडतात, ती फाइलमध्येच बरी.

जुन्या पानांवर चिकटवलेले संवादांचे फुगे हमखास सुटतात, कारण ते चिकटवण्यासाठी वापरलेलं रबर सिमेंट (रबरी गोंद) पिवळं पडून कोरडं होतं. सुटलेला तुकडा फेव्हिकॉलने लावायचा मोह होतो. तो डिंक पुढे निघत नाही आणि बोर्ड ओढला जातो. तुकडा छोट्या पॉलिएस्टर पाकिटात घालून पानासोबतच ठेवा, आणि लावायचाच असेल तर कागदाच्या संवर्धकाकडून (जुने कागद जपणाऱ्या तज्ज्ञाकडून) गव्हाच्या स्टार्चची खळ वापरून लावून घ्या. सेलोटेपचे डाग घरी काढायला जाऊ नये. द्रावकाबरोबर शाईही वाहते.

शेवटी कायद्याचं. पान तुमचं झालं तरी चित्राचा कॉपीराइट तुमचा होत नाही. त्याचे प्रिंट काढून विकता येत नाहीत. भारतीय कॉपीराइट कायद्याच्या कलम ५३ अ नुसार, मूळ रेखाचित्र १० हजार रुपयांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर कॉपीराइटचा पहिला मालक असलेल्या चित्रकाराला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीत वाटा मागता येतो. हा वाटा जास्तीत जास्त १० टक्के.