जनीं भोजनीं: चारचौघांतली जेवणाआधीची प्रार्थना

अध्यक्ष महोदय आणि श्रोतेहो,

पत्रिकेवर आजच्या व्याख्यानाचा विषय ‘सार्वजनिक ठिकाणी भोजनापूर्वीची प्रार्थना: परंपरा, शिष्टाचार आणि कायदा’ असा छापलेला आहे. त्यातला ‘कायदा’ कोणी घातला याविषयी संयोजकांत आणि माझ्यात मतभेद आहेत, परंतु छापून आले आहे म्हणजे बोलावे लागणारच. माझे म्हणणे मात्र मी आरंभीच सांगून टाकतो. जेवणाआधीची प्रार्थना मोठ्याने म्हणावी की मनातल्या मनात, हे आपण कोणाबरोबर जेवायला बसलो आहोत यावरून ठरते; ती जागा घर आहे की हॉटेल, या प्रश्नाला त्यामानाने फारसे महत्त्व नाही.

‘वदनी कवळ घेता’ येथे बसलेल्या प्रत्येकाला पाठ असल्यामुळे तो मी म्हणून दाखवत नाही. शिवाय तो म्हटला तर सवयीने तुम्हाला भूक लागेल आणि व्याख्यान संपायला अजून अवकाश आहे. माझ्या कामाचा श्लोक ‘मनाच्या श्लोकां’तला एकोणनव्वदावा आहे: ‘जनीं भोजनीं नाम वाचे वदावें, अती आदरे गद्यघोषे म्हणावे’. समर्थांनी येथे संदिग्धता ठेवलेली नाही. लोकांत, जेवताना, वाचेने आणि घोष करून म्हणा, अशी त्यांची स्पष्ट सूचना आहे. याच्या अगदी उलट, मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशू सांगतो की लोकांना दिसावे म्हणून चव्हाट्यावर प्रार्थना करू नका, आपल्या खोलीत जा, दार लावा आणि मग करा. परंतु त्याच शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात पाच हजार माणसांना गवतावर बसवून, भाकरी हातात घेऊन, आकाशाकडे पाहून, सर्वांदेखत तो आशीर्वाद मागतो. हा विरोध मला खरा वाटत नाही. चव्हाट्यावरचे लोक नुसते बघे होते आणि गवतावरचे लोक त्याच भाकरीची वाट पाहत बसलेले होते.

आपल्या पंगतीचे कामकाज आठवून पाहा. पानाच्या वरच्या टोकाला मीठ आणि लिंबू, डावीकडे चटणी-कोशिंबीर, उजवीकडे भाजी, मधोमध भाताची मूद, तिच्यावर वरण आणि सर्वांत शेवटी तूप. तूप वाढणारा गृहस्थ पंगतीच्या दुसऱ्या टोकाला पोहोचेपर्यंत पहिल्या पानावरचा भात निवलेला असे, तरीही पहिल्या पानावरचा माणूस हात आवरून बसे. मग कोणीतरी खणखणीत आवाजात श्लोक सुरू करी, ‘पार्वतीपते हर हर महादेव’चा गजर होई आणि पन्नास हात एकदम भातात जात. श्लोक मोठ्याने म्हणण्याचे एक कारण भक्ती हे असेलच, पण पंगत लांब होती आणि लाऊडस्पीकर नव्हता हेही कारण होते. शेवटच्या पानापर्यंत वाढून झाले आहे, आता कोणीही उपाशी हाताने बसलेले नाही, ही बातमी त्या गजराने सर्वांना कळत असे. ‘यज्ञकर्म’ या शब्दाचा अर्थ लहानपणी आम्हाला कळत नव्हता. तूपवाढ्याची चाल आज मंद आहे की जलद, हे मात्र बरोबर कळत होते.

आता हाच विधी पंगतीतून उचलून हॉटेलात नेला म्हणजे काय होते, हे सांगण्यासाठी मला माझ्या थोरल्या काकांची, म्हणजे अण्णांची, हकिकत सांगितली पाहिजे. आमच्या घरच्या मंडळींनी ती इतक्या वेळा ऐकली आहे की माझ्या पत्नीने आज येण्याचे टाळले.

अण्णा एसटीने प्रवास करीत असताना घाटाखालच्या एका हॉटेलात गाडी जेवणासाठी थांबली. सनमायकाच्या टेबलावर स्टीलच्या ताटात राइस प्लेट आली. अण्णांनी घरच्याप्रमाणे ताटाभोवती पाणी फिरवले आणि उजव्या बाजूला, टेबलावरच, चित्राहुती, म्हणजे देवांच्या नावाने ठेवायचे भाताचे चिमूटभर घास, घातल्या. चित्र, चित्रगुप्त, यम अशी ही मंडळी, हे जुन्या श्रोत्यांना सांगायला नको. एवढ्यात टेबल पुसणारा पोऱ्या आला. तो कामसू होता. गिऱ्हाइकाच्या हातून पाणी आणि भात सांडला आहे असे समजून त्याने एका फटक्यात सगळे पुसून टाकले. यमधर्माला ओल्या फडक्याने पुसण्याचे धैर्य सावित्रीनेही दाखवलेले नाही. अण्णांनी पुन्हा पाणी फिरवले, पुन्हा चित्राहुती घातल्या आणि पोऱ्याने, या म्हाताऱ्याचा हात फार थरथरतो अशा करुणेने, त्या पुन्हा पुसल्या. तिसऱ्या वेळी अण्णांनी त्याचे मनगट धरले आणि सांगितले, “बाळ, हा भात माझा नाही, यमाचा आहे.” पोऱ्याने तिथूनच गल्ल्याकडे हाळी दिली, “शेठ, सहा नंबरला आणखी एक गिऱ्हाईक आहे, जादा भात लावा!” बिलात तो जादा भात खरोखरच लागला. अण्णांनी पैसे दिले, कारण यमाची उधारी ठेवणे त्यांना बरे वाटले नाही.

लोक येथे हसतात आणि हकिकत संपली असे समजतात, पण माझ्या दृष्टीने महत्त्वाचा भाग पुढेच आहे. त्याच टेबलावर समोर एक अनोळखी प्रवासी बसला होता. त्याचे ताट आधीच आलेले होते, त्याने घासही मोडलेला होता आणि हा सगळा वेळ तो घास हातात धरून तो थांबला होता. शेवटी त्याने अदबीने विचारले, “काका, तुमच्या देवांचे आटोपले असेल तर मी जेवू का? गाडी सुटेल.” अण्णा चकित झाले. “मी तुम्हाला थांबायला कुठे सांगितले?” “सांगितले नाहीत खरे; पण समोर कोणी हात जोडून बसले असताना घास घ्यायचा कसा?” त्यानंतर अण्णा हॉटेलात चित्राहुती घालीत नसत. क्षणभर डोळे मिटत आणि जेवायला लागत. घरी मात्र त्यांनी एकही चित्राहुती कमी केली नाही.

हाच प्रसंग अमेरिकेत एका चित्रकाराने रंगवून ठेवला आहे. नॉर्मन रॉकवेलचे हे चित्र ‘सॅटर्डे इव्हनिंग पोस्ट’ या साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर नोव्हेंबर १९५१ मध्ये आले. गजबजलेल्या उपाहारगृहात एक वृद्ध स्त्री आणि एक लहान मुलगा मान खाली घालून प्रार्थना करीत आहेत आणि जागा नसल्यामुळे त्यांच्याच टेबलावर बसलेले दोन तरुण त्यांच्याकडे टक लावून पाहत आहेत. २०१३ साली ते चित्र लिलावात सुमारे साडेचार कोटी डॉलरना विकले गेले. एवढ्या पैशात किती पंगती उठल्या असत्या हा हिशेब मी करीत नाही. लोक त्या चित्रात श्रद्धा पाहतात. मला त्यात रंगवलेल्या नजरा दिसतात. त्या तरुणांची काही चूक नाही. आपण या प्रार्थनेत आहोत की बाहेर, हे त्यांना कोणी सांगितलेले नाही, म्हणून ते अण्णांच्या समोरच्या प्रवाशासारखे अडकलेले आहेत.

ज्यू परंपरेने या अडचणीचा विचार फार पूर्वी करून ठेवला आहे. सुमारे अठराशे वर्षांपूर्वी संकलित झालेल्या मिश्ना या धर्मनियमांच्या संग्रहात सांगितले आहे की माणसे नुसती बसून जेवत असतील तर प्रत्येकाने आपापला आशीर्वाद म्हणावा, पण त्या काळच्या मेजवानीच्या रीतीप्रमाणे एकत्र लवंडून जेवत असतील तर एकाने सर्वांसाठी म्हणावा. शिवाय तिघे एकत्र जेवले की जेवणानंतरच्या प्रार्थनेसाठी एकाने इतरांना रीतसर पाचारण करावे, असाही नियम आहे. आपल्या रायगड जिल्ह्यातील बेने इस्राएल, म्हणजे शनिवार तेली, याच परंपरेतले. एका ठिकाणी बसणे वेगळे आणि एकत्र जेवणे वेगळे, ही जाण त्या नियमात आहे. माझ्या संपूर्ण व्याख्यानाला हा एक नियम पुरला असता.

याउलट आजची मंगल कार्यालये पाहा. बुफेच्या रांगेत माणसे ताट हातात घेऊन उभी आहेत, पुढच्यांची जिलेबी संपत आली आहे, मागच्यांना अजून ताट मिळालेले नाही, आणि त्याच वेळी लाऊडस्पीकरवर ध्वनिमुद्रित ‘वदनी कवळ’ लावले जाते. तो श्लोक कोणासाठी? ज्याच्या वदनी कवळ गेला त्याला उशीर झाला आणि ज्याच्या गेला नाही त्याला अजून अर्धा तास अवकाश आहे. एका लग्नात मी व्यवस्थापकांना हे विचारले, तेव्हा त्यांनी नम्रपणे सांगितले की सनई आणि श्लोक हे दोन्ही पॅकेजमध्येच येते.

अध्यक्षांनी आत्ताच चिठ्ठी सरकवली आहे आणि कायदा तर अजून आलेलाच नाही, तेव्हा आता भरभर जातो.

पहिली गोष्ट, पंगतीचे गुणगान करताना पंगतीतून कोणाला उठवले जात होते हे झाकता येणार नाही. हरीचे नाम फुकाचे होते, जागा मात्र जातीने मिळत असे. श्राद्धाचे अन्न नाथांनी अस्पृश्यांना वाढले, ही पैठणची कथा आपण कौतुकाने सांगतो आणि तिच्यापायी त्यांना काय सोसावे लागले ते पुढे सांगत नाही. केरळात चेराई येथे सहोदरन अय्यप्पन यांनी १९१७ साली घडवलेले मिश्रभोजन किंवा रत्नागिरीच्या पतितपावन मंदिरातली सहभोजने यांनी श्लोकाचा एक शब्दही न बदलता ‘जनीं’ या शब्दात माणसे वाढवली. माझा सिद्धान्त खरा असेल तर पंक्तिभेद पाळून म्हटलेला श्लोक मोठ्याने म्हणण्याचा अधिकारच गमावतो.

दुसरी गोष्ट शाळेची. शालेय पोषण आहाराच्या वेळी कित्येक शाळांत ‘वदनी कवळ’ म्हणतात. राज्यघटनेच्या २८ व्या कलमानुसार पूर्णपणे सरकारी निधीवर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही आणि सरकारमान्य किंवा अनुदानित संस्थेत मुलाला पालकांच्या संमतीवाचून धार्मिक उपासनेला बसवता येत नाही. अमेरिकेतील व्हर्जिनियाच्या लष्करी संस्थेत रात्रीच्या जेवणाआधी होणारी प्रार्थना तेथील अपील न्यायालयाने २००३ साली घटनाबाह्य ठरवली, कारण छात्रांना ती टाळण्याची खरीखुरी मोकळीक नव्हती. आपल्याकडे १९८६ साली केरळमधील तीन मुलांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभी राहून ते न गाणाऱ्या मुलांना शाळेतून काढता येणार नाही. तो खटला जेवणाचा नव्हता हे मला मान्य आहे, परंतु म्हणणे आणि थांबणे यांतला फरक त्यात न्यायालयाने ओळखला. माझी सूचना एवढीच की शेवटच्या मुलाच्या ताटात खिचडी पडेपर्यंत सर्वांनी थांबावे, हा नियम शाळेने सक्तीचा करावा. त्या थांबलेल्या वेळात कोणी श्लोक म्हणेल, कोणी बिस्मिल्ला म्हणेल, कोणी वसईच्या ख्रिस्ती घरी शिकलेली प्रार्थना म्हणेल, कोणी नुसते खिचडीकडे पाहील. त्याची तपासणी गुरुजींनी करू नये.

हॉटेलाविषयी एकच सांगतो. टेबल सामाईक असेल तर प्रार्थना मनात आणि थोडक्यात करावी, आणि समोरच्याला आधीच ‘तुम्ही सुरू करा’ असे म्हणावे. समोरच्याने जेवावे, खुशाल जेवावे. फक्त मोबाइल उचलून फोटो काढू नये. बुफेचा प्रश्न राहिला. त्याला माझ्याजवळ यजमानांनी पंगत बसवावी यापलीकडे तोडगा नाही, आणि वाढपी कोठून आणायचे हा तुमचा पुढचा प्रश्न मला आत्ताच दिसतो आहे. तो प्रश्नोत्तरांत विचारावा. अध्यक्षांनी दुसरी चिठ्ठी लिहायला घेतली आहे.