दिवाळीचं ब्लेंड, तोडणीची उचल

नमस्कार श्रोतेहो.

दिवाळी जवळ आली की मुंबईतल्या कचेऱ्यांमध्ये भेटीची खोकी फिरू लागतात. सुकामेवा, मेणबत्त्या आणि हल्ली हटकून कॉफीचं एक पाकीट. वर पणत्या, सोनेरी अक्षरांत ‘खास दिवाळी ब्लेंड’. पण चिकमगळूर, कोडगूकडची अरेबिका, म्हणजे कॉफीची एक मुख्य जात, तोडतात साधारण नोव्हेंबर ते जानेवारीत. मग वाळवण, टरफल काढणं, प्रतवारी. म्हणजे त्या पाकिटातली बी बहुधा गेल्या हंगामाची. नवी कॉफी बाजारात येईपर्यंत गुढीपाडवा उजाडतो!

गेल्या हंगामाच्या बीचं मला वावडं नाही. हिरवी बी नीट ठेवली की टिकते, आणि खरी करामत मिश्रणात असते. माटुंग्याला कॉफीपूड दळून देणाऱ्या दुकानात जाऊन बघा. पीबी, म्हणजे फळात एकटीच वाढलेली गोल बी, किती, प्लांटेशन ए, म्हणजे मोठ्या दाण्याची प्रत, किती, चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ते भाजलेलं मूळ, किती, एवढं विचारून दुकानदार भाजलेली बी तुमच्यासमोर चक्कीत ओततो. पुडा हातात येतो तो कोमट. सणाची म्हणून काही करायचीच असेल, तर आपली जायफळ घातलेली कॉफी आहेच की.

मला बोलायचंय ते शेतकऱ्याच्या पैशाबद्दल. 1988 साली नेदरलँड्समध्ये, मेक्सिकोतल्या लहान शेतकऱ्यांच्या कॉफीवर रास्त व्यापाराचा, म्हणजे शेतकऱ्याला योग्य भाव मिळाल्याची खूण असलेला, पहिला शिक्का लागला. रास्त व्यापार म्हणजेच फेअरट्रेड. आज फेअरट्रेडचा नियम असा: धुतलेल्या, म्हणजे पाण्यानं गर काढून वाळवलेल्या, अरेबिकाला पौंडामागे किमान 1.80 डॉलर, बाजार त्याहून वर गेला तर बाजारभाव. शिवाय 20 सेंट शेतकऱ्यांच्या संस्थेला. ते कशावर खर्चायचे हे सभासद ठरवतात.

या आकड्यांची चर्चा होते. मला मात्र उचलीचं कलम जास्त मोलाचं वाटतं. संस्थेनं मागितलं, तर खरेदीदारानं कराराच्या 60 टक्क्यांपर्यंत रक्कम आगाऊ द्यायची. कॉफीची तोडणी हातानं होते. लाल झालेलं फळ तेवढंच वेचायचं, हिरवं ठेवायचं, पुन्हा त्याच झाडाकडे यायचं. मजुरी तेव्हाच चुकती करावी लागते, माल विकून पैसे यायच्या कितीतरी आधी. हाताशी रोकड नसली की शेतकरी मिळेल त्या भावात व्यापाऱ्याला माल देऊन मोकळा होतो.

आता दिवाळी कधी आहे, हे काय ऐनवेळी कळतं? लग्नाचा मुहूर्तसुद्धा महिनोन्महिने आधी ठरतो. उचल द्यायला याहून सोयीचा माल सापडायचा नाही. आमच्याकडे मात्र खोक्यांची आठवण होते गणपतीचं विसर्जन झाल्यावर.

तेव्हा खरेदी खात्यातली कोणी मंडळी ऐकत असतील तर त्यांना सांगणं एवढंच: पुढच्या दिवाळीची मागणी या दिवाळीतच नोंदवा, उचलीसकट. तोडणी तेव्हाच तोंडावर आलेली असते. आणि पाकीट घरी आलं की मागची बाजू वाचा. चिकोरी किती टक्के, हे छापावंच लागतं. कॉफी किमान 51 टक्के हवी असा आपल्याकडे नियम आहे. चाळीस टक्के चिकोरीच्या पुड्याला मी काही खास म्हणणार नाही, वर पणत्या कितीही छापा.