फेसाची दोन घरटी

(पडद्यावर: आषाढातली सकाळ. शिराळा तालुक्यातलं एक घर, परसात सिमेंटचा हौद.)

हौदाच्या आतल्या अंगाला, पाण्याच्या वीतभर वर, पांढऱ्या फेसाचा गोळा चिकटलाय. मावशी खराटा घेऊनच आल्या होत्या. "मला वाटलं पोरांनी साबणाचा फेस टाकलाय हितं," त्या म्हणतात. आम्ही म्हटलं, मावशी, चार दिवस दम धरा.

हे बेडकाचं घरटं आहे. मादी अंडी घालताना चिकट द्रव सोडते आणि ताक घुसळावं तसा तो मागच्या पायांनी घुसळते. फेस वरून वाळून पापुद्रा धरतो, आत ओल राहते. अंडी फुटली की बेडूकमासे सुटून खाली पाण्यात टपकतात.

घरट्याची मालकीण न्हाणीच्या भिंतीवर बसलीय, पाय पोटाशी दुमडून. हा आपला साधा झाडबेडूक. मातकट रंग, अंगावर ठिपके, लांबी सात-आठ सेंटीमीटर. चुन्याच्या भिंतींवर दिसायचा म्हणून इंग्रजीत त्याचं नावच पडलं 'चुनाम फ्रॉग'. कोरड्या दिवसांत हा पठ्ठ्या त्वचेतून पाझरणारा तेलकट थर पायांनी अंगभर पुसून घेतो, म्हणजे अंगातलं पाणी उडून जात नाही. म्हणूनच भारतभर, शिवाय श्रीलंका, नेपाळ, बांगलादेशातही त्याचं निभावतं.

(पडद्यावर: रात्र. चांदोलीचं जंगल, धुकं, बॅटरीचा झोत.)

आता वारणेच्या काठानं वर, चांदोलीकडे. डबक्यावर वाकलेल्या फांदीला तसाच फेस, पण पानं ओढून त्यात गुंडाळलेली. याच कुळातल्या मलबारी उडत्या बेडकाचं हे काम. पाठ पोपटी, बोटांमधले पडदे शेंदरी, मादी दहा सेंटीमीटरपर्यंत. उडता म्हणायचं, पण हा पंख मारत नाही. पडदे ताणून उंचावरून तरंगत खाली येतो, नऊ ते बारा मीटर अंतर कापतो. ब्रिटिश प्राणिशास्त्रज्ञ जर्डननं 1870 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पश्चिम घाट सोडून तो जगात कुठेच नाही.

आणि गंमत बघा. कुठली जात किती धोक्यात आहे हे सांगणाऱ्या जागतिक लाल यादीत दोघांवर एकच शिक्का: 'लीस्ट कन्सर्न', फारशी काळजी नको. शिक्का चुकीचा नाही, पण तो अख्ख्या जातीचा हिशेब आहे, एका डबक्याचा नाही. हौद फोडला तर साधा झाडबेडूक शेजारच्या टाकीवर जाईल. उडत्याला मात्र पाण्यावर ओणवलेली फांदी लागते, उडी घ्यायला उंच झाडं लागतात, आणि ती दोन्ही ओल्या रानात लागतात. रस्ता रुंद करताना ओढ्याकडेची झाडं तोडली, की तेवढ्या तुकड्यातून तो गेला. त्यानं यादीतलं अक्षर हलत नाही.

चांदोली आणि कोयना मिळून 2010 मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला, 2012 मध्ये दोन्ही जागतिक वारशात आली. वाघाच्या नावानं राखलेलं रान या बेडकालाही आपसूक पावलं. कुंपणाबाहेरच्या ओढ्यांना तेवढं नशीब नाही. आणि नागपंचमीमुळे ज्या शिराळ्याला अख्खा महाराष्ट्र ओळखतो, तिथे नागाच्या या खाद्याचं नाव कुणी विचारत नाही, हे मला जरा खटकतंच.

(पडद्यावर: पुन्हा हौद, चौथा दिवस.)

फेस पिवळट झालाय, खालून सैल पडलाय. एक थेंब ओघळतो, त्यात काळं काहीतरी वळवळतंय. टप्. मग दुसरं. मावशी कळशी बाजूला ठेवून वाकून बघतात, आणि म्हणतात, "आता पाणी भरायचं कुठनं?"