आंब्याचे दोन जीआय

नमस्कार. माइक जरा खाली घ्या हो, मी गायला नाही आलोय. फळ्यावर विषय लिहिलाय ‘मधुमेह आणि फळांची निवड’, त्यावर येतोच, पण आधी मेव्हण्यांचं सांगू दे, आज ते आलेले नाहीत म्हणून सांगतोय.

मेव्हणे म्हणजे आमच्या हिचे मोठे भाऊ, नौपाड्यात राहतात, शुगरला बारा वर्षं झाली. एप्रिलात गोखले रोडला आंबेवाला म्हणाला, काका, जीआयवाला हापूस आहे, हा बघा स्टिकर. आणि यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलेलं की शुगरवाल्यांनी कमी जीआयची फळं खावीत. झालं! पाच डझनी पेटी रिक्षात घालून घरी. वहिनी ओरडल्या तर स्टिकर दाखवला. सकाळी एक आंबा, दुपारी पुऱ्यांबरोबर आमरस, तोही वाटी मोजून नाही हं, पातेलं जवळ ओढून, आणि रात्री सगळे झोपले की फ्रीजच्या उजेडात उभ्याने कोय चोखायची. बाठ्या मोजल्या जाऊ नयेत म्हणून कुंडीत पुरायचे, वहिनींना तुळशीत आंब्याचं रोप दिसलं तेव्हा कळलं! पण त्याआधीच जेवणानंतरची शुगर आली ३१२. मला फोन, ‘तुमचा जीआय खोटा निघाला!’ माझा कसा, मी काय पेटंट घेतलंय?

तर स्टिकरवरचा जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन, कोकणच्या हापूसला २०१८ साली मिळालं, आंबा कुठला एवढंच ते सांगतं. आपला जीआय म्हणजे ग्लायसेमिक इंडेक्स, १९८१ साली टोरांटोत डेव्हिड जेन्किन्स आणि मंडळींनी मांडलेला, एखाद्या पदार्थाने रक्तातली साखर किती वर जाते ते सांगणारा. आणि गंमत बघा, आंब्याचा हा आकडाही पन्नाशीच्या आसपासच, म्हणजे कमीतच येतो, म्हणजे मेव्हणे चुकून बरोबरच होते, गंडले ते डझनात.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं. बरं, भराभर सांगतो.

हा इंडेक्स काढताना त्या पदार्थातून साधारण ५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जातील एवढं खायला देतात. कलिंगडाचा आकडा सत्तरीच्या वर दिसतो म्हणून लोक घाबरतात, पण १०० ग्रॅममध्ये कर्बोदकं जेमतेम ७-८ ग्रॅम, ५० व्हायला साडेसहाशे ग्रॅम खावं लागेल. म्हणून फळाचं नाव नका विचारू, किती ते विचारा. एका वेळी १५ ग्रॅम कर्बोदकं धरा, म्हणजे साधारण १०० ग्रॅम आंब्याचा गर, किंवा एक छोटं केळं, किंवा मध्यम पेरू. चिकू गोड, त्यात १०० ग्रॅमला २० च्या आसपास, तेव्हा एकच, तोही छोटा. आणि जेवणात फळ घेतलं तर एक फुलका कमी करा, हे कोणी करत नाही!

ज्यूस नको. गाळला की चोथा जातो, आणि तीन-चार संत्री एका ग्लासात बसतात, चावून खाल्ली असती तर दुसऱ्यालाच थांबला असतात. फक्त शुगर ७० च्या खाली गेली, हात थरथरायला लागले, तर तोच अर्धा ग्लास ज्यूस कामाचा. किडनीचा त्रास असेल त्यांनी केळं-संत्र्याचं पोटॅशियमसाठी डॉक्टरांना विचारा. बाकी खाण्याआधी आणि दोन तासांनी मशीनवर बघा, तुमचं शरीर काय म्हणतं ते कळेल.

खजूर? काकू, वाळला तरी साखर आतच राहते, एखादा बास. चला, हॉल साडेसातला योगावाल्यांना द्यायचाय.