हाताच्या अंतरावरची हातचलाखी

रेस्टॉरंटमधले एक साधे टेबल डोळ्यांसमोर आणा. त्यावर मिठाची बाटली, कागदी नॅपकिन, पाण्याचे ग्लास आणि पाहुण्यांपैकी कोणीतरी खिशातून काढून दिलेले एक नाणे आहे. जादूगार नाण्यावर मिठाची बाटली उभी करतो, ती नॅपकिनमध्ये घट्ट गुंडाळतो आणि नाणे टेबलातून आरपार खाली जाईल असे जाहीर करतो. बाटली उचलल्यावर नाणे जागच्या जागीच दिसते. प्रयोग फसला असे समजून मंडळी हसतात, तोही ओशाळल्यासारखा करतो, नॅपकिन पुन्हा नाण्यावर ठेवतो आणि वरून तळहाताचा जोराचा फटका मारतो. नॅपकिन चपटा होतो, नाणे हललेले नसते आणि टेबलाखालून बाहेर येते ती मिठाची बाटली.

हा प्रयोग नवशिक्यांच्या पुस्तकांतून इतक्या वेळा छापून आला आहे, की त्याचे मर्म सांगितल्याने कोणाच्या पोटावर पाय येणार नाही. सगळ्यांचे डोळे नाण्याकडे वळतात, त्या क्षणी जादूगाराचा हात टेबलाच्या कडेशी येतो, बाटली अलगद त्याच्या मांडीवर घसरते आणि हातात उरतो तो बाटलीचा आकार धरून राहिलेला पोकळ कागद. बोटांचे काम एवढेच आहे आणि ते एका दुपारी शिकता येते. शिकायला वर्षे लागतात ती फसल्याचे सोंग नेमक्या वेळी आणण्याची कला, कारण हसणारा माणूस घटकाभर पहारा सोडतो आणि बाटली जाते ती त्या घटकेत.

जेवणाच्या भांड्यांशी या कलेचे नाते जुने आहे. पहिल्या शतकातला रोमन तत्त्वज्ञ सेनेका एका पत्रात हातचलाखी करणाऱ्यांच्या वाट्या आणि खडे यांचा उल्लेख करतो. त्या वाट्यांसाठी त्याने वापरलेला लॅटिन शब्द मुळात ताटाशेजारच्या व्हिनेगरच्या लहान वाटीचा आहे. या फसवणुकीतच आपल्याला गंमत वाटते आणि ती कशी केली हे कळले की रस उरत नाही, असेही तो लिहितो. आपल्याकडे रस्त्याच्या कडेला फडके पसरून वाट्या-गोळ्यांचा खेळ करणारा जादूवाला याच गोत्रातला आहे. रंगमंचावरच्या जादूगाराला पडदा, दिवे आणि अंतर यांची साथ मिळते, तर याला चारही बाजूंनी माणसे वेढून असतात.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अगदी जवळून दाखवायच्या या जादूतले एक मोठे नाव मॅक्स मॅलिनी यांचे होते. १८७३ साली पूर्व युरोपात जन्मलेले मॅलिनी लहानपणी न्यूयॉर्कला आले आणि तिथल्या बावरी भागातल्या एका दारूच्या गुत्त्यात हातचलाखी शिकले. त्यांचे हात इतके लहान होते, की पत्ता तळहातात पुरता मावत नसे. तरीही ओळखपाळख नसताना अमेरिकेचे सिनेटर मार्क हॅना यांच्या कोटाचे बटण दाताने तोडून ते पुन्हा जागेवर लावून दाखवण्याचे धाडस त्यांनी केले, अशी त्यांची ख्याती आहे.

त्यांचा गाजलेला प्रयोग जेवणाच्या टेबलावरचा होता. ते एक नाणे टेबलावर भिंगरीसारखे फिरवत, कोणाकडून तरी मागून घेतलेली टोपी त्यावर झाकत आणि छापा की काटा हे पाहुण्यांना ओळखायला सांगत. एकदोनदा असे झाल्यावर टोपी पुन्हा उचलली जाई, तेव्हा नाण्याच्या जागी बर्फाची भलीमोठी लादी असे. कोणतीही तयारी नसल्यासारखे हे गृहस्थ बराच वेळ सर्वांबरोबर जेवत बसलेले असत; मग बर्फ इतका वेळ होता कुठे आणि वितळला कसा नाही, याचे कोडे जाणकारांनाही पडत असे. लोक सतत पाहतच राहिले तर काय करता, असे विचारल्यावर त्यांनी आठवडाभर थांबण्याची तयारी दाखवल्याची आख्यायिका जादूगार आजही एकमेकांना सांगतात. ही कथा खरी नसली तरी या धंद्याचे इतके नेमके वर्णन दुसरे सापडणार नाही. १९४२ साली होनोलुलूमध्ये त्यांचे निधन झाले.

मॅलिनी पाहुणे म्हणून टेबलावर बसत. शिकागोचे मॅट शूलियन यजमान होते. कुटुंबाच्या रेस्टॉरंटमध्ये हे अगडबंब देहाचे, हसतमुख गृहस्थ टेबलाटेबलावर फिरत. गिऱ्हाइकाने एक पत्ता काढून परत ठेवायचा, कॅट पिसला जायचा आणि मग शूलियन तो सगळा कॅट भिंतीवर भिरकावत. पत्त्यांचा सडा खाली पडे आणि नेमका निवडलेला पत्ता पिनेने भिंतीला टोचलेला राही. मला मात्र त्यांचा दुसरा प्रयोग अधिक आवडतो. त्यात हरवलेला पत्ता टेबलक्लॉथच्या खाली सापडे, म्हणजे ज्या कापडावर ताटे, ग्लास आणि जेवणाऱ्यांची स्वतःची कोपरे टेकलेली आहेत, त्याच कापडाखाली.

पुढे शिकागोच्या अनेक बारमध्ये काउंटरमागचा माणूसच जादूगार असण्याची रीत पडली, आणि ती जागा या कामाला किती सोयीची आहे हे पाहण्यासारखे आहे. मिठाच्या बाटलीचा प्रयोग उभ्याने करता येत नाही, कारण उभ्या माणसाला मांडी नसते. टेबलाटेबलावर फिरणाऱ्या जादूगाराला म्हणूनच खिशांवर भागवावे लागते. काउंटरमागच्या माणसाला मात्र फळीखालची संपूर्ण जागा मोकळी मिळते, गिऱ्हाइके एकाच बाजूला असतात, आणि ग्लास पुसायला किंवा बर्फ काढायला तो खाली वाकला तर कोणाला संशय येत नाही. शिवाय मध्येच कोणी बिअर मागितली तर ती भरून देण्याचा वेळही त्याच्याच कामी येतो.

फिरत्या जादूगाराचे हाल निराळे असतात. ऑर्डर देऊन झाल्यापासून ताटे येईपर्यंतची काही मिनिटे तेवढी त्याची. घास तोंडात असताना कोणी पत्ता निवडत नाही. टेबल ओले असते, उजेड कमी असतो, वेटर ऐन वेळी सूप घेऊन येतो. एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाकडे जाताना चार पावलांत सगळे सामान पुन्हा जुळवून ठेवावे लागते, म्हणून ज्याची मांडामांड लांबते असा प्रयोग कितीही सुंदर असला तरी इथे टिकत नाही.

शूलियन यांचे रेस्टॉरंट आता राहिलेले नाही. शिकागोच्या क्लार्क स्ट्रीटवर २०१८ साली सुरू झालेल्या ‘शिकागो मॅजिक लाउंज’चा दर्शनी भाग लाँड्रीसारखा केलेला आहे. कपडे धुण्याच्या यंत्रांजवळचे छुपे दार ढकलून आत गेले, की बारच्या काउंटरमागे उभा असलेला माणूस पेय पुढे सरकवतो आणि तुमच्याकडे एक नाणे मागतो.